साठपैकी साठ

उमापूर
४ जानेवारी

चि. विशू,
आशीर्वाद.

फोन न करता लिहिते आहे. फोनवर तुझा एक कान माझ्याकडे असतो आणि दुसरा गिऱ्हाईकाकडे. मागच्या खेपेला मी रुद्राणीच्या गणिताबद्दल बोलत होते आणि तू मध्येच मला, 'साखर सुटी देऊ का पुड्यातली?' असं विचारलंस. हा विषय तसा नाही. वाच, ईश्वरीला वाचून दाखव आणि उत्तर लिहूनच पाठव.

निवृत्त झाल्यावर मुख्याध्यापक मोहनरावांनी मला शाळेत परत बोलावलं ते दहावीच्या मुलांना पुढच्या शिक्षणाचा सल्ला द्यायला, हे तुला ठाऊक आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी मी नकाशांच्या खोलीत बसते. प्रत्येक मुलाची तीनदा बैठक होते. मी स्वतः तयार केलेले साठ प्रश्न आहेत. उत्तरं कार्डावर लिहिते आणि शेवटी शाखा सुचवते. मी येण्याआधी या शाळेत मुलं बाकावरच्या सोबत्यानं काय घेतलं ते बघून शाखा घ्यायची. ते बंद झालं.

रुद्राणी आठवीपासून माझ्या घरी राहते म्हणून तिला सवलत दिली नाही. उलट आत्यानं भाचीला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये म्हणून तिला जास्त खोदून विचारलं. तिनं तिन्ही बैठकांत एकच सांगितलं. तिला डॉक्टर व्हायचं आहे.

आता महत्त्वाचं. अंबाजोगाईला शिवशरणी वसतिगृह आहे. नोव्हेंबरमध्ये मी दहावीच्या मुलींना घेऊन ते बघून आले. स्वच्छ आहे, शिस्त आहे, अभ्यासाची खोली वेगळी आहे. आपल्या शाळेला ते दरवर्षी एकच जागा देतात, तीही विज्ञान शाखेच्या मुलीला आणि माझ्या शिफारशीवर. नाव ३१ जानेवारीपर्यंत कळवायचं आहे. माझ्यासमोर दोन नावं आहेत. एक रुद्राणी. दुसरी अंजू, वस्तीवरून सायकलनं येणारी मुलगी. अंजूला जागा मिळाली नाही तर ती घरीच राहून कला शाखेला जाईल, असं तिच्या वडिलांनी मला स्पष्ट सांगितलं आहे. तरी कार्ड रुद्राणीचं सरस आहे. तुमची दोघांची संमती कळव.

तुझी,
मनकर्णाआक्का


नेकनूर
११ जानेवारी

ती. आक्कास विश्वेश्वरचा शरणार्थ.

पत्र मिळालं. ईश्वरीला वाचून दाखवलं. 'डॉक्टर' वाचल्यावर मी चष्मा पुसून परत वाचलं.

आक्का, तू रागावशील, पण लिहितो. दिवाळीत ही पोरगी माझ्या शेजारी गल्ल्यावर बसली होती. माझ्या गुडघ्याचं चाललंय ते तिला माहीत. मला म्हणाली, "पप्पा, पुढं दुकान मीच बघणार हाय." मी म्हणलं, "खरं का?" तर म्हणाली, "दुसरं कोण हाय तुमाला?" आक्का, मी त्याच आठवड्यात पेंटरला बोलवून घेतलं. पाटीवर 'विश्वेश्वर किराणा'च्या खाली 'आणि कन्या' लिहायचं ठरलंय. तू म्हणशील हा खुळा हाय. पण तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

आणि तिला ते जमतंही लई. आमच्या गल्लीत तुळजाबाई म्हणून म्हातारी हाय, जगाशी भांडण. तिला एकाच कंपनीचा चहा लागतो. तो संपला होता. मी असतो तर 'न्हाई' म्हणालो असतो आणि शिव्या खाल्ल्या असत्या. रुदी म्हणाली, "आजी, तुमचा उद्या येतोय, ताजा. तवर हा घेऊन बघा, माझी आत्या हाच पिती, हेडमास्तरीण हाय ती." म्हातारी घेऊन गेली. आता तोच मागती. तू तो चहा पितीस का मला माहीत न्हाई.

कॉमर्सला घातली तर बीडला जाऊन येऊन करता येईल, असं माझ्या मनात होतं. पण तू शिकलेली, तू इतकी मुलं मार्गाला लावलीस. माझं म्हणणं फक्त एवढंच की तिला एकदा परत विचार.

तुझा,
विशू


उमापूर
१७ जानेवारी

चि. विशू,
आशीर्वाद.

तो चहा मी पीत नाही.

तू म्हणालास म्हणून परत विचारलं. काल संध्याकाळी ती भाजी निवडत होती तेव्हा समोर बसून विचारलं, "रुद्राणी, वडिलांना दुकान बघेन म्हणालीस आणि मला डॉक्टर होईन म्हणतेस. खरं कोणतं?" ती म्हणाली, "आत्या, पप्पांचे गुडघे दुखत होते हो. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणाले. डॉक्टरच व्हायचंय मला." हे तुला लागेल, पण तुला ठाऊक असलेलं बरं. सोळा वर्षांची मुलगी बापाचं मन राखते, यात वाईट काही नाही. चौतीस वर्षं मी मुलांची तोंडं वाचली आहेत. कुठला मुलगा उत्तर पाठ करून आला आहे आणि कुठल्याला खरंच येतं, हे मला फळ्याकडे तोंड असतानाही कळायचं.

आता अंजूचं सांगते, म्हणजे मी घाई केली असं तुला वाटायला नको. तिनं साठपैकी एकवीस प्रश्नांना 'माहीत नाही' असं उत्तर दिलं. एकवीस. मी विचारलं, "रक्ताची भीती वाटत नाही ना?" तर म्हणाली, "म्हाईत न्हाई बाई. गाईचं बघितलंय, माणसाचं न्हाई." मी विचारलं, "घर सोडून राहता येईल ना?" तर म्हणाली, "कधी ऱ्हायले न्हाई, कसं सांगू?" मुलगी प्रामाणिक आहे, कष्टाळू आहे, जनावरांची डॉक्टर व्हावं असं तिच्या डोक्यात काहीतरी आहे. पण जिला स्वतःबद्दल एकवीस गोष्टी ठाऊक नाहीत तिच्यावर शाळेची एकुलती एक जागा कशी लावायची? रुद्राणीनं साठपैकी साठ उत्तरं दिली. एकदाही अडखळली नाही.

अंजूला बोलावून सांगितलं. ती म्हणाली, "मग माझं दुसऱ्या नंबरला ठिवा बाई. कुणी गळलं तर." तसं लिहिलं आहे.

रुद्राणीचं नाव आज रजिस्टर पोस्टानं गेलं.

तुझी,
आक्का


नेकनूर
२७ जानेवारी

ती. आक्कास शरणार्थ.

नाव गेलं ते बरं झालं. मला लागलं वगैरे काही न्हाई. पेंटरला सांगितलं, थोडं थांब.

एक गंमत लिहितो. तुझं पत्र ईश्वरीला वाचून दाखवलं. संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमी भावंडं कायबी लिहा. मला तिनं सांगितलंय, ती शिक्षिका होणार, हितंच जवळपास नोकरी धरणार आन मला सोडून कुठं जाणार न्हाई." मी विचारलं, कधी म्हणाली? तर म्हणे संक्रांतीला इकडं आली तेव्हा, तिळाचे लाडू वळताना. म्हणजे तुझ्याकडं डॉक्टर, माझ्याकडं दुकान, आईकडं शाळा. तुझ्या कार्डावर जागा असेल तर हेही लिहून ठेव.

तिच्यासोबत दिलेला चटणीचा डबा मिळाला. परीक्षेपर्यंत तिला फोन करत न्हाई. तू सांभाळशीलच.

तुझा,
विशू


उमापूर
२० मे

चि. विशू,
आशीर्वाद.

निकाल तुला कळलाच आहे. रुद्राणीला एक्क्याण्णव टक्के, अंजूला सत्त्याऐंशी. रुद्राणी पहिल्या तिघांत आहे. मोहनरावांनी पेढे वाटले आणि श्रेय मला दिलं. मी ते घेतलं नाही, पेढा घेतला.

आता कामाचं. वसतिगृहाचं पत्र आलं आहे, जागा पक्की. २० जूनला तिला घेऊन हजर व्हायचं, सोबत आई किंवा वडील. काही कारणानं नाव बदलायचं झालं तर शाळेचं पत्र १२ जूनपर्यंत पोचायला हवं, नंतर जागा दुसऱ्या शाळेकडे जाते. आपल्याला बदलायचं नाही, तरी माहीत असावं म्हणून लिहिलं.

अकरावीचे प्रवेश आता सगळीकडे ऑनलाइन आहेत. कॉलेजांची यादी पसंतीच्या क्रमानं भरायची असते. रुद्राणी निकालापासून तुझ्याकडेच आहे, तेव्हा तिला सेवा केंद्रात ने आणि समोर बसून भर. विज्ञान शाखा, अंबाजोगाई. फॉर्म लॉक करायच्या आधी दोनदा तपासा, लॉक झाल्यावर बदलत नाही. शाळा सोडल्याचा दाखला मी पाठवते. जातीचा दाखला तुझ्याकडे असेल. नसेल तर आजच तहसीलला जा, उद्या नको.

तुझी,
आक्का


नेकनूर
२७ मे

ती. आक्कास शरणार्थ.

हे पत्र जरा लांब होणार. दुकान ईश्वरीच्या हवाली करून मागच्या खोलीत बसून लिहितोय.

परवा रुदीला घेऊन प्रविणच्या सेवा केंद्रात गेलो. फॉर्म भरायला घेतला. प्रविणनं विचारलं, "ताई, शाखा?" ही त्याला म्हणाली, "बाकीच्या पोरी काय भरायल्यात?" तो म्हणाला, "हुशार पोरी समद्या सायन्स." ही म्हणाली, "मग सायन्सच बरं." एवढं ठीक हाय. तेवढ्यात आपला तानाजी आला, सातबारा काढायला. त्याची प्रियदर्शनी गेल्या वर्षी कॉमर्सला गेली. तो म्हणाला, "सायन्स कावून बे? दोन वर्सं नुस्ती मरमर. कॉमर्स लई बेस." मला म्हणत होता, पण उत्तर हिनं दिलं. म्हणाली, "खरंय काका, माझ्याबी मनात कॉमर्सच होतं." आक्का, तिचा चेहरा इतका खरा होता की तानाजी खूश होऊन गेला. आणि इकडं प्रविणच्या पडद्यावर सायन्स तसंच.

मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो. तो आवाज माझ्या ओळखीचा हाय. तो गल्ल्यावरचा आवाज हाय. मीच शिकवलेला.

ती आठ वर्षांची असल्यापासून दुकानात बसती. तेव्हापासून मी तिला सांगत आलो. गिऱ्हाईकाला न्हाई म्हणायचं न्हाई. संपलंय म्हणायचं न्हाई, येतंय म्हणायचं. आधी त्याच्या तोंडाकडं बघायचं, त्याला काय पायजे ते ओळखायचं, मग आपण बोलायचं. पटकन शिकली. मी लोकांना कौतुकानं सांगायचो, आमच्या रुदीकडून कोणी नाराज होऊन गेलं न्हाई. आता कळतंय की कोणीच नाराज होऊन गेलं न्हाई, तू न्हाई, मी न्हाई, ईश्वरी न्हाई, तानाजीसुद्धा न्हाई. आमी सगळे गिऱ्हाईकच, आक्का. त्यात तू सगळ्यात मोठं गिऱ्हाईक.

येताना गाडीवर मी विचारलं, "रुदे, खरं सांग, तुला काय पायजे?" तर म्हणाली, "पप्पा, तुमाला काय भरलेलं आवडंल?" मी फॉर्म लॉक करू दिला न्हाई. प्रविणला सांगितलं, राहू दे अजून.

अजून एक लिहितो, रागावू नको. ती इकडं येताना तू तिच्यासाठी दर खेपेला कारळाची चटणी पाठवतीस, तिला आवडती म्हणून. ती खात न्हाई. पहिल्यापासून न्हाई. मी खातो.

तुझा,
विशू


उमापूर
३१ मे

चि. विशू,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी राग आला. तुझा फॉर्म, तुझी मुलगी, आणि खापर माझ्या कार्डावर. राग आला की मी काम काढते, तसं नकाशांच्या खोलीतलं कपाट काढलं. मग तिचं कार्ड घेऊन बसले.

साठपैकी साठ. जानेवारीत याचंच मला कौतुक वाटलं होतं. काल मी उत्तरं बाजूला ठेवून फक्त माझे प्रश्न वाचले. 'रक्ताची भीती वाटत नाही ना?' 'जास्त अभ्यासाची तयारी आहे ना?' 'घराची आठवण येऊन रडणार नाहीस ना?' जो कोणी हे वाचेल त्याला कळेल की विचारणाऱ्या बाईला काय हवं आहे. अंजूला मी हेच विचारलं असणार आणि तरी ती 'माहीत नाही' म्हणाली. तिचे मी गुण कापले. बाकीची कार्डंही काढली. ज्यांनी चुरचुरीत उत्तरं दिली त्यांना मी मनासारखी शाखा दिली आहे आणि जे विचारात पडले त्यांना खालची. सहा वर्षांची कार्डं आहेत. पुढचं मी बघेन, ते तुझ्या डोक्याला नको.

एक गोष्ट मात्र तुला सांगायला हवी. अंबाजोगाईला बी.ए. करत होते तेव्हा मी रोज मेडिकल कॉलेजच्या फाटकावरून जात असे. अकरावीला विज्ञान घेऊ दे असं मी बाबांकडे कधी मागितलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी नाही म्हटलं असंही म्हणता येत नाही. रुद्राणीला हे मी कधी बोलले नाही. पण तीन वर्षं ती माझ्या घरात राहिली आहे आणि मी दूधवाल्याशीसुद्धा कोणाचा मुलगा एमबीबीएसला लागला हेच बोलते. तू शिकवलेल्या मुलीला ते ओळखायला किती वेळ लागणार?

सोबत पाकीट आहे, रुद्राणीला दे. तू फोडू नकोस. त्यात तेच साठ प्रश्न नव्यानं लिहून पाठवले आहेत, 'ना'ची शेपटं काढून. तिला लिहिलं आहे की एकटीनं बसून भर आणि जे ठाऊक नाही तिथे 'माहीत नाही' लिहायला लाजू नकोस. निदान वीस तरी 'माहीत नाही' मला दिसले पाहिजेत.

१२ तारीख लक्षात आहे. उत्तर लगेच येऊ दे.

चटणीचं कळलं.

तुझी,
आक्का


नेकनूर
५ जून

ती. आत्यांना,
सा. न.

तुम्ही पाठवलेले प्रश्न सोडवून पाठवत आहे. पप्पांनी मला मागच्या खोलीत बसवलं आणि बाहेरून दार ओढून घेतलं. मम्मी दोनदा चहा घेऊन आली, तिलाही आत येऊ दिलं नाही.

तुम्ही सांगितलं तसं केलं आहे. 'माहीत नाही' वीस आहेत, मोजून घ्या. प्रश्न ४, ७, ९ आणि पुढचे. अक्षर नीट काढलं आहे. काही राहिलं असेल तर कळवा, परत लिहून पाठवते.

तुमची तब्येत बरी असेल. चटणी छान झाली होती.

तुमची,
रुद्राणी


उमापूर
९ जून

चि. रुद्राणी,
आशीर्वाद.

मोजले. बरोबर वीस आहेत. मी वीस मागितले आणि तू वीस तोलून दिलेस, एक जास्त नाही, एक कमी नाही. चूक माझी आहे. मी परत काय हवं ते सांगून बसले.

आता मी तुला काही विचारणार नाही. जे केलं ते सांगते.

आज सकाळी मोहनरावांच्या सहीनं वसतिगृहाला पत्र तयार केलं. दुपारच्या एस.टी.नं शिपाई स्वतः घेऊन गेला, म्हणजे उशीर झाला ही सबब राहायला नको. तुझं नाव काढलं आहे आणि अंजूचं घातलं आहे. दुपारी तिच्या वस्तीवर जाऊन तिच्या वडिलांना सांगून आले. ते गोठ्यात होते. म्हणाले, "बाई, जानेवारीत न्हाई म्हणला होतात." मी म्हटलं, चुकलं होतं.

तुला न विचारता हे केलं. विचारलं असतं तर तू 'चालेल आत्या' म्हणाली असतीस आणि मला ते खरं वाटलं असतं. डॉक्टर व्हायचं असेल तर वसतिगृहाशिवायही होता येतं, आणि व्हायचं नसेल तर ती जागा ज्या मुलीला हवी तिला मिळाली. फॉर्म लॉक व्हायला २० तारखेपर्यंत वेळ आहे. त्यात काय भरायचं ते मला कळवू नकोस. मला आता तुझ्याकडून काहीही नको आहे. चटणीसुद्धा पुन्हा पाठवणार नाही.

तुझी,
आत्या


नेकनूर
१३ जून

आत्या,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मला राग आला आहे. मी हे आधी दुसऱ्या कागदावर लिहून बघितलं, मग फाडलं, मग परत तेच लिहिलं. राग आला आहे.

मला त्या वसतिगृहात जायचं होतं. डॉक्टर व्हायला नाही. विज्ञान घेतलं तरच तिथे जागा मिळते म्हणून मी डॉक्टर म्हणाले. तुम्हाला डॉक्टर हवा होता, मला ती खाट हवी होती, दोघींचं जमत होतं. साठ प्रश्नांत तुम्ही मला काय व्हायचंय ते अकरा प्रकारे विचारलं. कुठे राहायचंय असं एकदाही नाही. दुसऱ्या वेळी पाठवलेल्यांतही नाही.

नोव्हेंबरमध्ये आपण तिथे गेलो तेव्हा तुम्ही ऑफिसात बसला होतात. आम्ही जेवणाच्या खोलीत होतो. तिथे एक मुलगी एकटीच जेवत होती. वाढणाऱ्या बाईंनी तिला विचारलं, "भाजी घालू का?" ती म्हणाली, "नको." आणि त्या बाई पुढे गेल्या. एवढंच. का नको, चांगली झाली नाही का, बरं वाटत नाही का, थोडी तरी घे, काहीच नाही. ती मुलगी वरही न बघता जेवत राहिली. मी तेव्हापासून तेच डोक्यात घेऊन बसले होते. इथे मम्मी मला भाजी वाढते तेव्हा माझ्या तोंडाकडे बघत असते. तुम्हीही बघता. पप्पा तर दुकानातून उठून येऊन बघतात. मग मी म्हणते छान झालीय.

अंजूला जागा मिळाली ते बरोबर झालं हे मला कळतं. जानेवारीत तिच्या तोंडाकडे बघून मला वाईट वाटलं होतं, तरी मी गप्प बसले, कारण मला ती जागा हवी होती. तेव्हा तुमच्याएवढी माझीही चूक आहे. पण राग गेलेला नाही. तुम्ही म्हणता, विचारलं असतं तर 'चालेल' म्हणाली असतीस. म्हणाले असते. तरी विचारायचं होतं.

परवा मी मम्मीला सांगितलं की मी शिक्षिका होणार नाही आणि इथे राहणार नाही. ती रडली, मग बोलायची बंद झाली. पप्पांना सांगितलं की दुकान बघणार नाही. ते 'बरं' म्हणाले आणि साखरेच्या पोत्यावर बसून राहिले. गिऱ्हाईक आलं तरी उठले नाहीत, मी उठले. मला खूप वाईट वाटलं. पण मी परत जाऊन 'बघेन' म्हणाले नाही. म्हणायला दोनदा तोंड उघडलं होतं.

काल मी प्रविणदादाकडे एकटी गेले. अंबाजोगाईच भरलं आहे, पण कला शाखा. भूगोल आवडेल असं वाटतं. मी तुमच्या नकाशांच्या खोलीत बैठकीला यायचे तेव्हा निम्मा वेळ भिंतीकडे बघत असायचे, ते तुम्ही कार्डावर लिहिलं नाहीत. पुढे काय व्हायचंय ते माहीत नाही. हा 'माहीत नाही' एकच आहे, पण खरा आहे. फॉर्म लॉक केला आहे.

राहायला मीच शोधलं. मम्मीच्या माहेरच्या गावच्या कडूबाई मावशी अंबाजोगाईत खोल्या देतात. वरच्या खोलीत दोन मुली आहेत, तिसरी चालेल म्हणाल्या. मीच फोन केला. त्यांनी विचारलं, जेवण आमच्याकडे घेणार का? मी म्हणाले, सकाळचं घेईन, रात्रीचं नको. त्या म्हणाल्या, बरं.

पुढच्या रविवारी खोली बघायला जाणार आहे. पप्पा येणार आहेत. तुम्ही येऊ नका.

रुद्राणी


उमापूर
१७ जून

चि. विशू,
आशीर्वाद.

रुद्राणीचं पत्र आलं. त्यात काय आहे ते मी तुला सांगणार नाही. तिला वाटलं तर ती सांगेल.

अंजूचं सामान तयार आहे. शुक्रवारी तिचे वडील तिला सोडायला जातील. निघण्याआधी ती मला भेटून गेली. मी तिला बाकी काही विचारलं नाही, फक्त म्हटलं, "अडलं तर लिही." ती म्हणाली, "अडंल का ते म्हाईत न्हाई बाई. अडलं तर लिहीन."

साठ प्रश्न मी रद्द केले आहेत. मोहनराव विचारत होते की त्याच्या जागी काय करणार. अजून ठरलेलं नाही असं सांगितलं. असं उत्तर माझ्याकडून त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं.

रविवारी तू अंबाजोगाईला जाणार आहेस. मला येऊ नका असं तिनं लिहिलं आहे, तेव्हा मी येणार नाही. ईश्वरीला समजाव. रडायचं असेल तर रडू दे, पण मुलीसमोर नको, नाही तर ती पोरगी अर्ध्या रस्त्यातून परत येईल. खोली बघताना खिडकी, पाणी, दाराची कडी, हे सगळं तुला दिसेल आणि तुझ्या तोंडावर उमटेल. म्हणून तू खाली थांब. तिला एकटीला वर जाऊ दे. खाली आल्यावर विचार, "आवडली का?" आणि मग गप्प बस. ती तुझ्या तोंडाकडे बघेल. तू रस्त्याकडे बघ. कितीही वेळ लागला तरी बोलू नकोस.

तुझी,
आक्का